जुनी दूरदर्शन मालिका डीव्हीडीवर आणायची, तर पैसा नेमका कुठे जातो?

प्रश्न असा आहे. नागपुरातल्या धरमपेठेतल्या एका गृहस्थांच्या काकांनी आपल्या निर्मितीसंस्थेतर्फे 1990 साली दूरदर्शनसाठी 13 भागांची मराठी मालिका केली. मालिका एका कादंबरीवर बेतलेली होती. काका आता नाहीत. घरच्या लोखंडी कपाटात 14 यू-मॅटिक आणि 6 बीटाकॅम एसपी (स्टुडिओत वापरायच्या व्यावसायिक व्हिडिओ) कॅसेटी आहेत. बर्डीवरच्या एका दुकानात लग्नाच्या कॅसेटी पेन ड्राइव्हवर करून मिळतात, तिथे कॅसेटमागे 300 रुपये सांगितले. त्यावरून चकत्या आणि कव्हर धरून 40 हजारांत संच निघेल, असा त्यांचा अंदाज होता. मुंबईहून आलेले कोटेशन मात्र साडेसहा लाखांच्या वर गेले. एवढा फरक कसा, आणि कुणी आपल्याला फसवते आहे का?

फसवत कुणी नाही. बर्डीवरच्या दुकानदाराने व्हीएचएस कॅसेटीचा दर सांगितला, मुंबईवाल्याने मालिका बाजारात आणण्याचा. यात दोन वेगळी कामे आहेत आणि ती एकाच वहीत लिहिली की माणूस घाबरून दोन्ही सोडून देतो. पहिले काम टेप वाचवणे. ते लाखाच्या आत होते, त्यासाठी बाहेरच्या कुणाच्या सहीची वाट पाहावी लागत नाही आणि ते याच वर्षी करायला हवे. दुसरे काम मालिका विकणे. त्यातला मोठा खर्च चकतीचा नसून कागदपत्रांचा असतो आणि ते दोन वर्षांनी केले तरी बिघडत नाही. म्हणून दोन्हींची बजेटे आजच वेगळी करा.

आधी टेपांचे बघू. व्हिडिओ टेप म्हणजे प्लास्टिकच्या पट्टीवर डिंकासारख्या बाइंडरने चिकटवलेली चुंबकीय भुकटी. हा बाइंडर हवेतला ओलावा शोषतो आणि वर्षानुवर्षांनी चिकट होतो. अशी टेप मशीनमध्ये घातली की ती चिरचिरते, हेडवर तपकिरी राप बसतो, चित्रात पांढऱ्या रेघा येतात आणि शेवटी चित्र जातेच. त्या क्षणी मशीन थांबवले नाही तर भुकटी खरवडून निघते. मग तो भाग कायमचा गेला.

नागपूरकरांसाठी दोन गोष्टी मुद्दाम सांगायला हव्यात. एक म्हणजे कूलर. उन्हाळ्यात ज्या खोलीत कूलर चालतो, तिथली हवा दिवसभर दमट असते. बाहेर 45 अंश आणि कोरडे, आत ओलावा, जूननंतर पावसाळा. तीस वर्षांत टेपेने हा फेरा किती वेळा सोसला असेल ते बघा. कपाट कूलरच्या झोतात किंवा त्या भिंतीला लागून असेल तर आजच हलवा. टेपांना 20 अंशांच्या आसपासचे तापमान आणि 30 ते 40 टक्के आर्द्रता मानवते. घरात हे बारा महिने जमत नाही, पण आतल्या बाजूची, एसीची, ज्या खोलीचे तापमान फार वरखाली होत नाही अशी जागा निवडता येते. कॅसेटी पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा, आडव्या रचू नका.

दुसरी गोष्ट, चिकट झालेल्या टेपा ‘भाजतात’ हे ऐकून कुणी कॅसेटी मे महिन्यात गच्चीवर ठेवायला जाईल. कृपा करून तसे करू नका. ते भाजणे म्हणजे तापमान काटेकोर सांभाळणाऱ्या प्रयोगशाळेच्या ओव्हनमध्ये 50 ते 54 अंशांवर आठ तासांपासून दिवसभरापर्यंत कोरडी ऊब देणे. रुंद टेपेला जास्त वेळ लागतो. त्यानंतर टेप हळूहळू खोलीच्या तापमानाला येऊ देतात आणि काही आठवड्यांच्या आत उतरवून घेतात, कारण सुधारणा तात्पुरती असते. गच्चीवर ऊन थेट लागते, कॅसेटची एक बाजू जास्त तापते आणि पट्टी वाकते. घरचा केकचा ओव्हनही नको, त्यात तापमान दहा-पंधरा अंश सहज पुढेमागे होते. टेपेच्या कडेला पांढरी, कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी दिसली तर ती टेप कुठल्याही मशीनमध्ये घालू नका. बुरशी मशीनला लागते आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटला. अशा कॅसेटी वेगळ्या पिशवीत बांधा आणि चिठ्ठी लावा.

आता दर कॅसेटमागे 300 का होत नाही, ते. यू-मॅटिक म्हणजे पाऊण इंच रुंदीची टेप. ती व्हीएचएसच्या मशीनमध्ये जातच नाही. शिवाय तिचे लो-बँड, हाय-बँड आणि एसपी असे प्रकार आहेत. हाय-बँडवर मुद्रित टेप लो-बँड मशीनवर लावली तर चित्र दिसते पण रंग येत नाही, आणि पाहणाऱ्याला वाटते की टेपच खराब झाली. बीटाकॅम एसपीचे त्यामानाने बरे आहे, डिजिटल बीटाकॅमची काही मशीन तीही वाजवतात. पण ही सगळी यंत्रे आता जुनीच मिळतात. नवे हेड मिळत नाहीत, दुरुस्त करणारे हात कमी झाले. यंत्रे आणि सुटे भाग संपत चालले म्हणून ध्वनिचित्र-संग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने युनेस्कोच्या साथीने 2019 साली जगभरच्या संग्राहकांना सावध केले होते आणि त्यात 2025 हे वर्ष कडेलोटाचे धरले होते. ते वर्ष आलेच. दर वर्षागणिक चढतोय त्याचे कारण हे आहे.

एक तासाची टेप उतरवायला कारागिराचे तीन ते चार तास जातात. आधी टेप पूर्ण पुढे आणि मागे फिरवून घट्ट गुंडाळून घेणे, प्रत्येक टेपेनंतर हेड आणि टेपेचा मार्ग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसणे, टाइम बेस करेक्टरमधून सिग्नल स्थिर करणे, वेव्हफॉर्मवर (सिग्नलच्या आलेखावर) काळा-पांढरा स्तर बघणे. यातले काहीही गाळले की खर्च वाचतो आणि चित्र बिघडते. स्टुडिओला कोटेशन मागताना चार वाक्ये लिहूनच द्या:

पहिले, फाइल 10-बिट, 4:2:2 (हे रंगाच्या तपशिलाचे मोजमाप), मूळ 720 बाय 576 ठिपके आणि इंटरलेस्ड (सम-विषम ओळी वेगळ्या) ठेवावी. तासाला सुमारे 100 जीबी होतात. एफएफव्ही1 या फाइल लहान करण्याच्या पद्धतीने दाबली तर जागा निम्म्यावर येते आणि एक ठिपकाही जात नाही. तुमच्याकडे साधारण दहा तासांचा माल आहे, म्हणजे 2 टीबीची डिस्क पुरते. दोन घ्या, वेगवेगळ्या कंपन्यांच्या, आणि एक दुसऱ्या घरी ठेवा.

दुसरे, ध्वनीचे सगळे चॅनेल वेगवेगळे उतरवावेत. यू-मॅटिकवर दोन असतात, बीटाकॅम एसपीवर चार. हे कळीचे आहे, कारण पुढे इथेच लाखभर रुपये वाचू शकतात. त्या काळी कधीकधी एका चॅनेलवर संवाद आणि दुसऱ्यावर संगीत असे ठेवत. दुकानदाराने दोन्ही मिसळून ‘स्टिरिओ’ करून दिले की ती संधी गेली.

तिसरे, प्रत्येक फाइलचा चेकसम (फाइलचा अंकी ठसा) सोबत द्यावा, म्हणजे पाच वर्षांनी फाइल तीच आहे की बिघडली ते ताडून पाहता येते.

चौथे, टेपेत दोष दिसला तर चालू ठेवू नये, थांबून विचारावे.

कॅसेटी मुंबई-पुण्याला पाठवायच्या तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत पाठवा. एप्रिल-मे महिन्यात कुरियरच्या बंद गाडीत दिवसभर काय तापमान होते ते नागपुरात कुणाला सांगायला नको. शक्य असेल तर रेल्वेने स्वतः घेऊन जा, आणि सगळ्या एका फेरीत नेऊ नका. पहिली टेप सर्वांत कमी महत्त्वाची द्या. ती कशी वागते यावरून बाकीच्यांचा अंदाज येतो.

काकांनी मालिका 16 मिमी फिल्मवर चित्रित केली असेल आणि निगेटिव्ह कुठे सापडली, तर गणितच वेगळे. फिल्मवरून एचडी प्रत निघते, टेपेवरून निघत नाही, कारण टेपेवर 576 ओळींपलीकडे काही नाहीच. पण फिल्मचा रस्ता महाग आहे. अमेरिकेत ‘स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन’ 35 मिमीवर चित्रित झाली होती, संकलन आणि करामती (स्पेशल इफेक्ट्स) मात्र व्हिडिओ टेपवर झाल्या. ब्लू-रेसाठी निगेटिव्ह शोधून सातही सीझन नव्याने जोडावे लागले, करामती पुन्हा उभ्या कराव्या लागल्या. 2012 ते 2014 या काळात तो संच आला, पण त्याच परिवारातल्या पुढच्या मालिकेला तो खर्च झेपेना आणि ती ब्लू-रेवर आली नाही. अमेरिकेतल्या बड्या कंपन्यांना जे जड गेले, ते आपण टेपेवरच्या मालिकेत सॉफ्टवेअरने करू पाहू नये. एआयने मोठे केलेले चेहरे मेणाच्या पुतळ्यासारखे गुळगुळीत होतात. तुमच्या मालिकेतल्या नटांच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या हाच त्यांचा अभिनय आहे, त्या तशाच ठेवा.

आता दुसरी वही.

टेप तुमच्या कपाटात आहे म्हणून मालिका तुमची होत नाही. मालिका कुणाची, हे ठरते ती कुणाच्या पैशाने आणि कुठल्या करारावर झाली यावरून. दूरदर्शनने पैसे देऊन करून घेतली असेल तर कराराअभावी पहिला मालक दूरदर्शन, म्हणजे आज प्रसार भारती. प्रायोजित मालिका असेल, म्हणजे काकांच्या संस्थेने प्रसारण शुल्क भरून जाहिरातींचा वेळ विकला असेल, तर हक्क बहुधा संस्थेकडे राहतात, पण करारातले शब्द पाहिल्याशिवाय काही बोलू नये. तुमच्या प्रश्नात संस्थेचे स्वरूप आलेले नाही. भागीदारी असेल तर भागीदारीपत्र आणि विसर्जनपत्र शोधा. दुसऱ्या भागीदाराच्या मुलांचाही वाटा निघू शकतो. काकांनी त्या वेळी कर्ज काढले असेल तर मालिका तारण होती का, तेही बघा. हे कागद नसतील तर पुढचा एकही रुपया विक्रीवर घालू नका.

मालिकेचा स्वतःचा कॉपीराइट प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षे, म्हणजे 1990 ची मालिका 2050 च्या अखेरपर्यंत सुरक्षित. प्रसारणसंस्थेचा प्रक्षेपणावरचा वेगळा हक्क 25 वर्षांचा असतो, तो 2015 अखेर संपला. पण त्याने मालिका मोकळी होत नाही. हा घोटाळा लोक नेहमी करतात.

कादंबरीचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून 60 वर्षे. लेखक 1975 साली गेले असतील तर 2035 अखेरपर्यंत वारसांकडे जावेच लागेल. आणि 1990 सालच्या परवानगीपत्रात बहुतेक वेळा ‘दूरदर्शनवर प्रसारणासाठी’ एवढेच लिहिलेले असते. डीव्हीडी तेव्हा जन्मालाही आली नव्हती. कायद्यात आणखी एक बारकावा आहे: हक्क-हस्तांतराच्या पत्रात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. पण हा नियम 1994 च्या दुरुस्तीने आला आणि त्याआधीच्या पत्रांना लागत नाही, म्हणून 1990 चे पत्र सापडले तर त्यातले शब्दच नीट वाचा. वारस तिघे असतील तर तिघांच्या सह्या घ्या, किंवा दोघांनी तिसऱ्याला दिलेले अधिकारपत्र घ्या. ‘दादाने हो म्हटले’ एवढ्यावर संच छापून मग अमेरिकेतल्या बहिणीची नोटीस आली तर अख्खा साठा गोदामात पडतो.

नवीन पत्र करताना चार गोष्टी त्यात नावानिशी लिहा: डीव्हीडी, ब्लू-रे, पेन ड्राइव्ह, डाउनलोड, स्ट्रीमिंग अशी सगळी माध्यमे, मुदत, निदान दहा वर्षे, प्रदेश, संपूर्ण जग, आणि मुदत संपल्यावर उरलेला साठा विकायला सहा महिने. पाचवी गोष्ट वकीलही कधी विसरतात. हक्क घेऊन वर्षभरात वापरला नाही तर, करारात उलट लिहिलेले नसल्यास, तो आपोआप परत जातो. टेप दुरुस्तीला वर्ष सहज लागते. म्हणून ही अट लागू राहणार नाही असे वाक्य करारात टाकूनच घ्या.

कलाकारांची काळजी लोक फार करतात, तेवढी गरज नसते. कलाकारांचे हक्क आपल्या कायद्यात 1994 च्या दुरुस्तीने आले आणि चित्रीकरणाला ज्याने संमती दिली त्याचा प्रश्न सहसा त्याच्या मानधनाच्या पत्रातच मिटलेला असतो. पत्रात पुनःप्रक्षेपणाचे वेगळे मानधन असेल तर ते द्या. नसेल तरी हयात कलाकारांना कळवा आणि संच भेट द्या, ते आपले कर्तव्यच आहे.

खरा खर्च गाण्यांचा. त्या काळच्या मालिकांत पानठेल्यावरचा रेडिओ, लग्नाचा बँड, कॅसेट प्लेअर यांतून हिंदी-मराठी चित्रपटगीते सर्रास वाजत. प्रसारणाच्या वेळी कुणी हटकले नाही, म्हणून ती फुकट होती असे नाही. एका गाण्यात तीन हक्क असतात: शब्दांचा, चालीचा आणि ध्वनिमुद्रणाचा. चित्राला जोडून विकायचे तर तिन्ही लागतात. जुन्या चित्रपटगीतांचे मोठे भांडार सारेगामाकडे, म्हणजे पूर्वीच्या एचएमव्हीकडे आहे. गीतकार-संगीतकारांच्या स्वामित्वधनासाठी (रॉयल्टीसाठी) आयपीआरएस ही संस्था आहे. 2012 च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराला स्वामित्वधनाचा वाटा सोडून देता येत नाही, हेही हिशेबात धरा.

हा त्रास आपल्यापुरता नाही. ‘द वंडर इयर्स’ ही अमेरिकन मालिका 1993 साली संपली, पण तिच्यातली साठच्या दशकातली गाणी सोडवता सोडवता पूर्ण डीव्हीडी संच यायला 2014 उजाडले. ‘डब्ल्यूकेआरपी इन सिनसिनाटी’ या रेडिओ केंद्राच्या गोष्टीवरच्या मालिकेचा पहिला सीझन 2007 साली डीव्हीडीवर आला तेव्हा त्यातली कित्येक गाणी बदललेली होती आणि प्रेक्षक नाराज झाले.

म्हणून 13 भाग समोर ठेवून क्यू शीट (वाजलेल्या संगीताची यादी) करा. हे काम घरचे माणूस करू शकते आणि त्याला पैसा लागत नाही. प्रत्येक वेळी संगीत वाजले की लिहायचे: भाग क्रमांक, सुरू झाल्याची आणि संपल्याची वेळ, कुठले गाणे, पात्र गुणगुणते की मूळ रेकॉर्ड वाजते, मागे संवाद आहे की नाही. पात्र स्वतः गुणगुणत असेल तर ध्वनिमुद्रणाचा हक्क लागत नाही, शब्द आणि चालीचा लागतो. मालिकेसाठी मुद्दाम केलेले शीर्षकगीत आणि पार्श्वसंगीत असेल तर त्या करारांच्या प्रती लावा.

क्यू शीट झाली की प्रत्येक गाण्यासमोर तीनपैकी एक खूण करा. ठेवायचे, बदलायचे, किंवा तेवढा तुकडा कापायचा. संगीत वेगळ्या चॅनेलवर असेल तर बदलणे सोपे, अन्यथा संवादही सोबत जातो. संवाद आणि गाणे वेगळे करणारी सॉफ्टवेअर आता मिळतात. मोनो मिश्रणावर ती अर्धवट चालतात, आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो, तेव्हा एक मिनिटाचा नमुना ऐकल्याशिवाय पूर्ण कामाचे पैसे देऊ नका. प्रसंगाचा जीवच एखाद्या गाण्यात असेल तर मात्र पैसे मोजून ते ठेवा. नायिका ज्या गाण्यावर रडते ते गाणे बदलून मालिका विकणे म्हणजे प्रेक्षकाच्या आठवणीशी खोटेपणा.

गाण्याच्या मालकाशी बोलताना ‘इतर कुणाला जास्त दिले तर आम्हालाही तेवढेच’ असे कलम येते. एकाला दिलेला वाढीव दर मग सगळ्यांना लागू होतो. म्हणून सर्वांत महाग गाण्याचा आकडा आधी काढा, स्वस्तवाल्यांशी नंतर बोला.

यूट्यूबवर टाकले तर परवानगी लागत नाही, असा एक समज आहे. लागते, तीच सगळी लागते. फरक एवढाच की तिथे गाणे यंत्र ओळखते आणि मिळकत कंपनीकडे वळते किंवा चित्रफीत बंद होते.

प्रमाणपत्राचे थोडक्यात. घरी पाहण्यासाठी विकल्या जाणाऱ्या डीव्हीडीलाही चित्रपट प्रमाणन मंडळाचे प्रमाणपत्र लागते, असा निर्णय दिल्ली उच्च न्यायालयाने दिला आहे. मंडळाचे कार्यालय नागपुरात नाही, आपल्याला मुंबई. अर्ज ऑनलाइन होतो. धूम्रपानाचे प्रसंग असतील तर सूचना टाकण्यासाठी पुन्हा एकदा संकलन करावे लागते, ते आधीच करून घ्या. कव्हरवर निर्मात्याचे आणि हक्कधारकाचे नाव-पत्ता, परवानगी घेतल्याचे निवेदन आणि प्रमाणपत्राची प्रत छापणे कायद्याने बंधनकारक आहे. हे चुकले तर तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. छपाईवाल्याला ते माहीत असेलच असे धरू नका.

चकतीचे तांत्रिक गणित. 13 भाग गुणिले 23 मिनिटे म्हणजे 299 मिनिटे. हे सगळे एका दुपदरी 8.5 जीबीच्या चकतीवर बसते, पण मग बिटरेट (चित्राला सेकंदाला मिळणारा डेटा) पावणेचार मेगाबिटच्या आसपास येतो. जुन्या टेपेत दाणे आणि कणकण असते, एन्कोडर (चित्र दाबणारे सॉफ्टवेअर) त्यातच बिट्स खर्च करतो आणि चेहऱ्यावर चौकटी दिसतात. त्यापेक्षा 4.7 जीबीच्या तीन चकत्या घ्या आणि भाग 5, 4, 4 असे वाटा. पाच भागांच्या चकतीलाही सरासरी पाच मेगाबिटच्या वर मिळतात. चित्र 4:3 च ठेवा. रुंद टीव्हीसाठी वरखाली कापले तर कुणाच्या कपाळाला कात्री लागते, कुणाच्या हाताला. फील्ड ऑर्डर (सम आणि विषम ओळींपैकी आधी कुठल्या) तपासा. ती उलटी झाली की चालणारे माणूस थरथरत पुढेमागे होते. संगणकावर हा दोष पटकन कळत नाही, म्हणून पहिली प्रत साध्या प्लेअरवर आणि टीव्हीवर पाहूनच मंजुरी द्या.

500 च्या खाली संच असतील तर डीव्हीडी-आरवर कोरून घ्या, त्यापुढे साच्यातून छापणे परवडते. पण आज किती घरांत प्लेअर आहे, हा प्रश्न टाळू नका. लॅपटॉपमधूनही ड्राइव्ह गेले. त्याच परवानगीत पेन ड्राइव्ह आणि सशुल्क डाउनलोड का लिहून घ्यायला सांगितले, ते यासाठी.

आता बेरीज. खालचे दर हिशेबाचा साचा दाखवण्यासाठी धरले आहेत. तुम्हाला मिळालेली कोटेशने त्या जागी घाला.

टेप वाचवणे: 20 टेपांचे प्रत्येकी 2,500 प्रमाणे 50,000. सहा टेपांची विशेष साफसफाई किंवा भाजणे 9,000. दोन डिस्क 14,000. एकूण 73,000.

मालिका विकणे: चित्र आणि आवाजाची दुरुस्ती मिनिटाला 400 प्रमाणे 1,20,000. वकील आणि कागदपत्रे 60,000. लेखकाच्या वारसांना आगाऊ 50,000. चार चित्रपटगीते प्रत्येकी 40,000 प्रमाणे 1,60,000. शीर्षकगीत 25,000. इंग्रजी उपशीर्षके 30,000. प्रमाणन आणि त्यासाठीच्या प्रती 40,000. ऑथरिंग (चकतीचे मेनू आणि मांडणी), कव्हर, पुस्तिका 55,000. बेरीज 5,40,000. एकही चकती न छापता एवढे. 500 संचांची छपाई, संचाला 120 प्रमाणे, फक्त 60,000.

संच 799 रुपयांना विकला. त्यातून 18 टक्के जीएसटी वजा जाता 677 उरतात. विक्रेत्याचे 30 टक्के 203, पाठवणी 60, वारसांचे 10 टक्के 68, छपाई 120. हातात 226. 5,40,000 ला 226 ने भागा: सुमारे 2,390 संच विकले तर फक्त खर्च निघतो. 500 पैकी 500 विकले गेले तरी हाती 1,13,000 येतात आणि सव्वाचार लाख अंगावर बसतात.

किंमत वाढवून हे सुटेल का? आपल्या ग्राहकाला स्वस्त चकतीची सवय आहे. मोझर बेअरने 2007 च्या सुमारास व्हीसीडी 28 आणि डीव्हीडी 34 रुपयांना विकायला आणली तेव्हापासून ‘चकती म्हणजे पन्नास रुपये’ हे डोक्यात बसले. ती कंपनी 2018 साली अवसायनात गेली, पण सवय राहिली.

मग आकडा खाली कसा आणायचा? चारही चित्रपटगीते बदलून 40,000 चे नवे संगीत केले तर एकरकमी खर्च 4,20,000 होतो. विक्री दुकानातून न करता आगाऊ नोंदणीने थेट केली आणि टपालखर्च ग्राहकाने दिला तर संचामागे 489 उरतात. मग 860 संचांत तोंडमिळवणी होते. उपशीर्षके आणि पुस्तिका मागे ठेवली तर आकडा आणखी उतरतो, पण पुस्तिका मी तरी कापणार नाही, संच विकत घेणारा वाचणारा माणूस असतो. कादंबरीचे आजचे प्रकाशक सोबत आले तर पुस्तक आणि मालिका एकत्र विकता येते, तेही विचारून बघा.

आगाऊ नोंदणीत 400 नावेही जमली नाहीत तर छापू नका, पैसे परत करा. 73,000 रुपयांत वाचवलेल्या फाइली तुमच्याकडे आहेतच. परवानग्यांची मुदत मात्र सही झाल्या दिवसापासून चालू होते, म्हणून मालकी तपासून, क्यू शीट करून, गाण्यांचे आणि वारसांचे आकडे नुसते तोंडी-लेखी विचारून ठेवा. सह्या आणि आगाऊ रक्कम नोंदणीचा आकडा कळल्यावर.

या आठवड्यात करण्यासारखे एवढेच: वीसही कॅसेटी कूलरच्या खोलीतून हलवा, प्रत्येकीच्या लेबलचा आणि कण्याचा फोटो काढा, नोंदवहीत क्रमांक घाला, आणि यू-मॅटिक कॅसेटींच्या खालच्या बाजूचे लाल बटण काढलेले आहे का बघा. ते जागेवर असेल तर कॅसेटवर चुकून रेकॉर्डिंग होऊ शकते. काढून ठेवा.